चौदा वेळा विचारलेला प्रश्न

१

सोमवारी सकाळी सात वाजता गोदामातलं लोखंडी कपाट उघडं सापडलं आणि आत वही नव्हती.

साधी वही नव्हती ती. अकोयामाच्या नव्या आरोग्य केंद्राचं काम सुरू झालं त्या दिवसापासूनची रोजची नोंद तिच्यात होती. किती माणसं आली, काय बांधलं, काय अडलं, कोणी काय विचारलं आणि त्याला कोणी काय उत्तर दिलं, ते सगळं. पानांना छापील क्रमांक, प्रत्येक पानावर सही. पेरूच्या डोंगरांत सरकारी इमारत विटांइतकीच या वहीवर उभी असते.

आणि इथली इमारत उभीच राहत नव्हती. दहा महिन्यांत व्हायचं काम सव्वादोन वर्षं झाली तरी रखडलं होतं. तपासणीच्या खोल्यांच्या भिंती छपराविना उघड्या होत्या आणि जिथे बाळंतपणाचा कक्ष व्हायचा तिथे अजून नुसता खड्डा होता. शुक्रवारी प्रांताच्या समितीपुढे सुनावणी होती. उशीर कोणामुळे झाला हे वही सांगणार होती. वही नसली तर करार रद्द, दोन्ही बाजू लवादाकडे आणि कामाला तीन-चार वर्षं टाळं.

मंगळवारी दुपारी तपासणी खात्यातल्या इंजिनिअर सेनोबिया ताइपे प्रवासी गाडीतून उतरल्या. सत्तावन्न वर्षांच्या, बुटक्या, पायात पुरुषी बूट. घाटभर त्यांच्या शेजारी गावचा न्यायपंच डॉन नेमेसियो बसला होता. मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात दोन गिनीपिग, लेकीनं दिलेले.

"रविवारी पहाटे गेलो, आज परततोय," म्हातारा सांगत होता. "दोन दिवस गाव सोडलं तर लगेच चोरी! तुम्ही वहीसाठीच ना? तुमच्या आधी चौघं येऊन गेले. सगळे कसे छान जेवून गेले."

"आणि?"

"आणि काय? ट्राउट मासा चांगला मिळतो आमच्याकडे."

गाडी थांबली तिथे नगराध्यक्ष ओरासियो पालोमिनो स्वतः उभे होते, टोपी हातात घेऊन.

"या, या इंजिनिअरबाई! आधी जेवण. ट्राउट तळायला टाकलाय."

"ज्याची चौकशी करायची त्याच्या ताटात मी जेवत नाही," सेनोबिया म्हणाल्या. "मजूर कुठे जेवतात?"

नगराध्यक्षांचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले.

२

मजुरांचं स्वयंपाकघर गोदामाला लागूनच होतं. फोर्तुनाता सुल्का ही पन्नाशीची बाई गोदामाची किल्ली सांभाळायची, वीस जणांचं रांधायची आणि वर कपडेही धुवायची. तिनं सूपचा वाडगा पुढे ठेवला. बटाटा, चीज आणि वर हिरवीगार, तिखटसर बेरोची पानं. सेनोबियांनी वाडगा चाटूनपुसून संपवला. फोर्तुनाता चुलीआडून त्यांच्याकडे बघत होती. बाजारात बैल घेणारा माणूस दात बघतो, तशी.

"आणखी वाढू?"

"वाढा. बेरो ताजी दिसते."

"रोज खुडते. इथलीच आहे, पुक्यूपातावरची," एवढंच बोलून ती वळली.

जेवल्यावर सेनोबियांनी एकेकाला बोलावलं.

नगराध्यक्ष आले ते हात पसरतच. "पाऊस, बाई! दुसरं काय? आमच्या डोंगरातला पाऊस तुम्हाला काय सांगायचा? पायाचा खड्डा भरायचा, उपसायचा, परत भरायचा."

"ही जागा कोणी ठरवली?"

"मी. चौकासमोर, चारचौघांना दिसेल अशी. आधी खाली फुटबॉलच्या मैदानाशेजारी ठरली होती. पण तिथे बांधून कोणाला दिसणार?" बोलून गेल्यावर त्यांनी टोपी सारखी केली. "म्हणजे, पेशंटना सोयीचं पण हवं ना."

मग आला इस्माएल बेंडेसू, पालिकेच्या वतीनं कामावर देखरेख करणारा इंजिनिअर. साठीचा, इस्त्रीचा शर्ट, बुटावर मातीचा कण नाही. त्यानं टेबलावर एक कोरी करकरीत वही ठेवली.

"मी वाट बघत बसणारा माणूस नाही. सोमवारी वही हरवल्याचं कळलं, लगेच नवी उघडली. न्यायपंचाचा शिक्का आहे. जुन्या नोंदी मला तोंडपाठ आहेत, उतरवून देतो."

"जुनी वही कोणी नेली असं वाटतं?"

"कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक साइट इंजिनिअरकडे. मी फक्त मंगळवारी येतो." तो खांदे उडवून हसला. "आता दोनातून एक वजा करायला इंजिनिअर लागत नाही."

साइट इंजिनिअर वाल्देमार ओरे ठेकेदार कंपनीचा माणूस. जेमतेम तिशीचा, पण डोळ्यांखाली पन्नाशीच्या माणसाची वर्तुळं.

"किल्ली माझ्या खिशातच असते. कायम," तो म्हणाला.

"कायम?"

"हो."

"काम का रखडलं?"

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "वहीत सगळं लिहिलंय."

"वही नाहीये. म्हणून तोंडानं विचारतेय."

"पाऊस," ओरे अगदी हळू म्हणाला आणि मान खाली घातली.

बाहेर आभाळ निळंशार होतं. ऑगस्ट महिना. चार महिन्यांत थेंब नाही, रस्त्यावरची धूळ घोट्यापर्यंत. कुठेतरी पाणी मुरतंय, सेनोबियांच्या मनात आलं. दोन वेगवेगळ्या माणसांचं खोटं इतकं सारखं कसं?

३

बुधवारी सकाळी त्या पायाच्या खड्ड्यात उतरल्या. तळाशी गुडघाभर पाणी होतं. सळया गंजून लाल झालेल्या आणि कडेला, सावलीत, बेरोचा हिरवा गालिचा.

त्या उकिडव्या बसल्या. साचलेल्या डबक्यात बेरो येत नाही, तिला वाहतं पाणी लागतं. त्यांनी वाळलेली काडी टाकली. काडी थोडा वेळ थरथरली आणि सावकाश पश्चिमेकडच्या कोपऱ्यात निघाली. पावसाचं पाणी ऑगस्टात टिकत नाही आणि टिकलं तरी चालत नाही.

पुक्यूपाता. सेनोबियांची आई केचुआखेरीज दुसरी भाषा बोलली नव्हती. पुक्यू म्हणजे झरा. चौकासमोरच्या या जागेचं जुनं नावच मुळी 'झऱ्याची पायरी' होतं. गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं, इथे घर बांधू नका.

वर आल्या तर बेंडेसू मजुरांच्या खोपटांतून बाहेर पडत होता. इस्त्रीच्या शर्टावर जळमट, केस विस्कटलेले. मागून एक गवंडी ओरडत होता, "माझ्या गादीत काय शोधता साहेब? ढेकूण हवेत का?"

"वही शोधतोय!" बेंडेसू खेकसला. सेनोबिया दिसताच त्यानं आवाज खाली आणला. "मी बक्षीस लावलंय. आणून देईल त्याला तांदळाचं पोतं. काही लागलं हाती?"

"नाही."

"लागलं तर आधी मला सांगा. आधी मला."

कालपासून 'काही लागलं हाती?' हे त्यानं पाचव्यांदा विचारलं होतं. ज्याला जुन्या नोंदी तोंडपाठ आहेत, त्याला जुनी वही एवढी हवी कशाला?

खोलीवर येऊन त्यांनी बेंडेसूची नवी वही उघडली. पहिल्या पानावर न्यायपंचाचा गोल शिक्का, खाली म्हाताऱ्याच्या थरथरत्या अक्षरात तारीख, नियमाप्रमाणे शब्दांत लिहिलेली. ती वाचून त्या खुर्चीत ताठ झाल्या.

सोळा ऑगस्ट. म्हणजे शनिवार.

चोरी उघड झाली होती सोमवारी, अठराला.

४

म्हाताऱ्याची तारीख चुकली असेल? बेंडेसू नेमकं तेच म्हणेल. पण डॉन नेमेसियो रविवारी पहाटे गाव सोडून गेला होता आणि मंगळवारी दुपारी गिनीपिग मांडीवर घेऊन त्यांच्याच शेजारी बसून परतला होता. सोमवारी शिक्का मारायला तो गावात नव्हताच. शिक्का शनिवारचाच.

म्हणजे जुनी वही नाहीशी होणार हे बेंडेसूला दोन दिवस आधी ठाऊक होतं. कारण ती नाहीशी करणारा तोच होता.

इथे दुसरा कोणी तपास संपवून ट्राउट खायला गेला असता. सेनोबियांनी मात्र पेन्सिलीचं टोक चावत स्वतःला विचारलं: वही त्यानंच नेली असेल, तर तो गाद्या का उसवतोय? ज्याच्या हातात वस्तू आहे तो घाम फुटेपर्यंत शोधत नाही.

चोरीचा बेत त्याचाच, पण वही त्याला मिळाली नव्हती. त्याच्या आधी कोणीतरी कपाटापर्यंत पोचलं होतं.

त्यांनी ओरेला गाठलं. तो नळावर तोंड धूत होता. शर्ट स्वच्छ, कॉलरला खळ.

"तुमचे कपडे कोण धुतं?"

"डोन्या फोर्तुनाता. शनिवारी देतो, संध्याकाळी परत मिळतात..." आणि त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. चेहऱ्यावरचं पाणी पुसायचंही त्याला सुचेना. "इंजिनिअरबाई, त्या तसं करणार नाहीत. त्यांना तर वाचतासुद्धा... वाचता येतं, पण त्या कशाला..."

"किल्ली कायम खिशात असते म्हणालात. शर्ट कुठे असतो ते सांगितलं नाहीत."

गोदामात अंधूक उजेड होता. डाव्या हाताला ताजं सिमेंट, एका ओळीत, जुनं पुढे, नवं मागे. फोर्तुनाताची शिस्त वाखाणण्यासारखी होती. उजव्या कोपऱ्यात मेलेलं सिमेंट: काम थांबत गेलं तशी दगड झालेली चाळीसेक पोती. कागदोपत्री ती अजून जिवंत, म्हणून फेकता येत नव्हती. आणि दगड झाल्यामुळे त्यांना हातही कोणी लावत नव्हतं.

सेनोबियांनी विजेरी लावली. सगळ्या पोत्यांची तोंडं कारखान्याच्या पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली. खालून दुसऱ्या थरातल्या एकाचंच तोंड लोकरीच्या धाग्यानं शिवलं होतं. पक्की, एकसारखी टीप, पोंचो शिवतात तशी.

त्यांनी धाग्याला बोट लावलं आणि मागे दाराची कडी आतून बंद झाल्याचा आवाज आला.

५

फोर्तुनाता दाराला पाठ लावून उभी होती. हातात बटाटे सोलायची सुरी.

"तिथून हात काढा, बाई."

सेनोबियांनी हात काढला. "सुरी मला मारायला आणलीत की धागा कापायला?"

"अजून ठरवलं नाही," फोर्तुनाता म्हणाली. "नगराध्यक्षांकडे जेवलात का?"

"नाही. आले त्या दिवसापासून तुमचंच सूप पितेय. तुम्हीच वाढताय."

"तेच बघत होते. चौघं आले तुमच्या आधी. पहिला आला तेव्हा मी त्याला खड्ड्यापाशी नेलं, पाणी दाखवलं. त्यानं आपल्या डायरीत लिहून घेतलं, ट्राउट खाल्ला, गेला. दुसऱ्यालाही दाखवलं. तिसऱ्याला नाही दाखवलं."

"शनिवारी काय झालं, डोन्या फोर्तुनाता?"

सुरी जरा खाली आली. "डॉन नेमेसियो जेवायला आले. म्हणाले, आज दुसऱ्या वहीला शिक्का मारला, पहिली भरली वाटतं? मी ती वही रोज बघते. अर्धी कोरी आहे. मग दुसरी कशाला? ओरेचा शर्ट धुवायला आलेला, खिशात किल्ली. वही काढली, कपाट लावलं, धुतलेल्या शर्टाच्या खिशात किल्ली परत ठेवली. रविवारी दुपारी बेंडेसू दारात हजर! म्हणे, गोदाम उघड, माझी छत्री राहिली आत."

"ऑगस्टात छत्री?"

"मी पण तेच म्हटलं मनात." फोर्तुनाता पहिल्यांदाच हसल्यासारखी झाली. "आत गेला आणि कपाट तसंच उघडं टाकून पांढराफटक होऊन बाहेर आला. छत्रीबित्री नव्हतीच हातात."

तिनं पुढे येऊन स्वतःच धागा कापला. दगड झालेलं सिमेंट मधोमध फोडून तिनं कोनाडा केला होता. त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही होती.

गोदामाच्या दारातल्या उजेडात दोघी बसल्या. जून महिना, काम सुरू झालं ते वर्ष, ओरेचं टपोरं अक्षर: 'जमिनीच्या अहवालात कोरडी मुरमाड जमीन म्हटले आहे. प्रत्यक्षात सव्वा मीटरवर वाहते पाणी लागले. काय करावे, देखरेख इंजिनिअरांनी कळवावे.' खालची उत्तराची जागा कोरी. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न, पुन्हा कोरी जागा. सेनोबिया बोटानं मोजत गेल्या. दोन वर्षांत चौदा वेळा. अक्षर हळूहळू बारीक होत गेलेलं. चौदाव्यानंतर प्रश्न बंद झाला होता आणि सुरू झाली होती वेगळी वाक्यं: 'पावसामुळे काम बंद.' ओरेची सही, बेंडेसूची सही. तारीख तीन जुलै. एकोणीस जुलै. दोन ऑगस्ट. सगळी कोरड्या महिन्यांतली.

"हा मुलगा चांगला होता," फोर्तुनाता म्हणाली. "थकवला त्याला."

६

गुरुवारी सकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत सेनोबियांनी सगळ्यांना बसवलं. मजूर, गावच्या बाया, डॉन नेमेसियो आणि पुढच्या बाकावर नगराध्यक्ष, बेंडेसू, ओरे. जुनी वही त्यांनी शालीखाली ठेवली होती.

"तुम्ही सोमवारी नवी वही उघडलीत," त्या बेंडेसूला म्हणाल्या. "शिक्का शनिवारचा आहे."

"म्हाताऱ्याची तारीख चुकली असेल. त्याला वार तरी आठवतो का?"

"ए, जावई समजलास का मला?" डॉन नेमेसियो उठून उभा राहिला. "वाट्टेल ते बोलशील! सोमवारी मी लेकीच्या गावी होतो. अख्ख्या गाडीनं बघितलंय मला!"

खोलीत हशा पिकला. बेंडेसू हसला नाही.

"रविवारी तुम्ही छत्री न्यायला गोदामात गेलात," सेनोबिया पुढे म्हणाल्या. "मंगळवारशिवाय येत नाही म्हणालात. छत्री मिळाली?"

"कोण म्हणतं मी गेलो होतो?"

"मी," मागून फोर्तुनाता म्हणाली.

"स्वयंपाकीण! हिच्या शब्दावर तुम्ही..."

सेनोबियांनी शाल बाजूला केली. वही बघून बेंडेसूचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्याचा हात वहीकडे गेला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि तो थांबलेला हात सगळ्या खोलीनं पाहिला.

"चौदा वेळा एकच प्रश्न," त्या म्हणाल्या. "तुम्ही उत्तर दिलं नाहीत, कारण उत्तर द्यायचं म्हणजे कबूल करायचं की या जागेवर तुम्ही कधी खणून बघितलंच नाही. तुम्ही दिलेला जमिनीचा अहवाल खालच्या मैदानाचा. जागा बदलली तेव्हा फक्त वरचं नाव बदललंत. म्हणून सव्वादोन वर्षं काम अडलं आणि शेवटी कोरड्या महिन्यांत पाऊस पडला. कागदावर."

"जागा मी बदलली नाही!" बेंडेसू ओरडला. "यांना विचारा! मी म्हटलं होतं, परत तपासणी करावी लागेल, दोन महिने जातील. हे म्हणाले, उद्घाटनाचा दगड कोरून झालाय!"

सगळ्या माना नगराध्यक्षांकडे वळल्या. पालोमिनो टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "गावाला शोभेल अशा जागी..." ते म्हणाले. मागच्या बाकावरची एक गरोदर बाई उठली, त्यांच्याकडे एकदा बघून बाहेर निघून गेली. तिच्यामागे दुसरी. मग बायांची अख्खी रांग उठली.

तेवढ्यात ओरे उभा राहिला. "पावसाच्या तीन नोंदी माझ्या आहेत," तो म्हणाला. "खोट्या आहेत. कंपनी म्हणाली सही कर, यांनी सही केली, मीही केली. पंधराव्यांदा विचारायला हवं होतं."

"हे समितीपुढे बोलाल?"

"बोलेन. नोकरी जाईल, जाऊ दे."

"जाईल बहुतेक," सेनोबिया म्हणाल्या. त्यांना त्याला खोटा धीर द्यायचा नव्हता.

७

शुक्रवारी वही समितीपुढे ठेवली गेली. करार रद्द झाला नाही. बेंडेसूचं प्रकरण सरकारी वकिलाकडे गेलं, नगराध्यक्षांना जागेबद्दल खुलासा मागितला गेला, ओरेला सहा महिने निलंबन. प्रांताहून जमिनीची जाणकार बाई आली, चार ठिकाणी खणलं आणि उत्तर लिहून दिलं. पायाभोवती दगडगोट्यांचा चर काढा, झऱ्याला पश्चिमेला वाट द्या, मग बांधा. उत्तर यायला अकरा दिवस लागले. चर काढायला तीन आठवडे पुरले.

सप्टेंबरअखेर सेनोबिया पुन्हा आल्या तेव्हा खड्डा कोरडा होता आणि काँक्रीट ओतणं चाललं होतं. चराच्या तोंडाशी फोर्तुनाता घागर भरत होती. त्यांना बघून तिनं हात पुसले.

"एक हिशोब विचारायचा होता, इंजिनिअरबाई. तुम्हाला जमेल, मला नाही जमत."

"विचारा."

"ओरेनं पहिल्यांदा विचारलं तेव्हाच उत्तर आलं असतं, तर इमारत कधी झाली असती?"

सेनोबियांना त्या प्रश्नामागे काय आहे ते आता ठाऊक होतं. शुक्रवारच्या सुनावणीला जाताना गवंड्यांनीच सांगितलं होतं. फोर्तुनाताची लेक येनी गेल्या वर्षी जूनमध्ये, बाळंतवेणा देत, शहराच्या इस्पितळाकडे नेताना खिंडीतच गेली. बाळही गेलं. त्यानंतर महिन्याभरात फोर्तुनातानं या साइटवर स्वयंपाकाचं काम मागून घेतलं होतं.

खोटं बोलणं सोपं होतं. यंत्रं यायला उशीर झाला असता, डॉक्टर मिळाला नसता, काहीही सांगता आलं असतं. पण वर्षभर या बाईला सगळे असंच खोटं सांगत आले होते.

"एप्रिलमध्ये," सेनोबिया म्हणाल्या. "गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. फार तर मेच्या सुरुवातीला."

फोर्तुनातानं मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजलं, एप्रिल, मे, जून, आणि मूठ मिटली. पलीकडे गवंडी ओरडत होते, घमेली हातोहात पुढे सरकत होती.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. मग तिनं घागर उचलली आणि काँक्रीट कालवणाऱ्यांना पाणी द्यायला गेली.